विश्लेषण : एकाच ऑफिसातले दोघे, प्रेमही आहे, पण घर कुठे? १९७७ चा ‘घरौंदा’ वसई-विरारकरांना आजही आपला का वाटतो?

संध्याकाळची विरार फास्ट भाईंदरची खाडी ओलांडते तेव्हा डब्यातली निम्मी माणसे डोळे मिटून बसलेली असतात. उरलेल्यांचे डोळे मोबाइलवर असतात. खांद्याला खांदा लागलेला असतो, पण शेजारच्याचे नावही माहीत नसते. नायगाव, वसई रोड, नालासोपारा, विरार अशी गर्दी उतरत जाते आणि रिक्षाच्या रांगेत विरघळते. यातल्या अनेकांची दिवसभरात सर्वाधिक बोलाचाली होते ती ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याशी. घरच्यांशी बोलायला वेळ उरत नाही आणि शेजाऱ्यांशी ओळख व्हायच्या आत भाडेकराराचे अकरा महिने संपतात.

अशाच दोन सहकाऱ्यांची प्रेमकथा हिंदी सिनेमाने १९७७ मध्ये सांगितली होती. तिचे नाव ‘घरौंदा’. नायक-नायिका एका ऑफिसात काम करतात, एकमेकांवर प्रेम करतात आणि लग्न करायचे ठरवतात. त्यांच्या आड जात येत नाही, घरच्यांची शपथ येत नाही आणि पारंपरिक खलनायकही येत नाही. त्यांच्या आड येते फ्लॅटची किंमत. पुढे या प्रेमाला जे वळण मिळते ते तेव्हाच्या प्रेक्षकाला धक्का देणारे होते आणि आजही ते सहज पचत नाही. हा चित्रपट नेमका काय आहे आणि वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांनी तो आज का पाहावा, याचा हा आढावा.

‘घरौंदा’ नेमका कोणाचा चित्रपट?

निर्माते आणि दिग्दर्शक भीमसेन. हे नाव अनेकांना चटकन आठवणार नाही, पण त्यांचे एक काम मात्र दूरदर्शनच्या पिढीला पाठ आहे. शिकाऱ्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात, त्या ‘एक अनेक और एकता’ या १९७४ च्या फिल्मचे ॲनिमेशन भीमसेन यांचे. फिल्म्स डिव्हिजनची ही निर्मिती देशभरातल्या मुलांनी पाहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी त्यांनी ‘घरौंदा’ केला. यातही जाळे आहे, पण एकजुटीने उडून जाणारे कोणी नाही. प्रत्येक जण आपापल्या जाळ्यात एकटा आहे.

कथा हिंदी नाटककार डॉ. शंकर शेष यांची. संगीत जयदेव यांचे, गीते गुलजार आणि नक्श लायलपुरी यांची. मुख्य भूमिकांत अमोल पालेकर, झरीना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू. पालेकर-झरीना ही जोडी प्रेक्षकांनी वर्षभरापूर्वीच ‘चितचोर’मध्ये पाहिली होती. स्वतः पालेकर सिनेमात येण्यापूर्वी बँकेत नोकरीला होते. त्यामुळे फायली, टेबल आणि महिनाअखेर हे त्यांच्या पडद्यावरच्या वावरात उसने वाटत नाही.

पुरस्कारांत डॉ. लागू यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे, तर गुलजार यांना सर्वोत्कृष्ट गीतकाराचे फिल्मफेअर मिळाले. भूपिंदर सिंग आणि रूना लैला यांनी गायलेले ते पुरस्कारप्राप्त गाणे आजही रेडिओवर लागते. ऐकताना ते आनंदी वाटते. शब्दांकडे लक्ष दिले की कळते, हे दोघे चंद्र-तारे मागत नाहीत, राहायला जागा शोधत आहेत.

‘घरौंदा’ या हिंदी शब्दाचा अर्थही लक्षात घेण्याजोगा. मुलांनी खेळताना माती किंवा वाळूचे जे घर उभारलेले असते, ते घरौंदा. आपल्याकडच्या भातुकलीतले घर म्हणा.

कथा काय आहे?

(इथे कथानकाचा उलगडा आहे. चित्रपट आधी पाहायचा असेल तर पुढच्या मुद्द्याकडे वळा.)

सुदीप मुंबईतल्या एका ऑफिसात साधा नोकरदार. राहायला एक खोली, तीही इतर तरुणांबरोबर वाटून घेतलेली. त्याच ऑफिसात छाया नव्याने रुजू होते. ती भावाच्या संसारात, अपुऱ्या जागेत राहते. दोघांची ओळख होते, ओळखीचे प्रेम होते. लग्नाला दोघांचीही तयारी आहे, फक्त लग्नानंतर राहायचे कुठे, याचे उत्तर नाही. मग पै-पै जमवून बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेण्याचे ठरते.

पुढे बिल्डरकडून फसवणूक झाल्याचे उघड होते आणि पैसे बुडतात. सुदीपचा खोलीतला सोबती गुहा याचीही पुंजी त्यातच जाते. तो आत्महत्या करतो.

ऑफिसचे मालक मोदी वयस्कर, श्रीमंत, विधुर आणि हृदयविकाराचे रुग्ण. त्यांना छाया आवडते आणि ते तिला मागणी घालतात. छाया ही गोष्ट सुदीपला सांगते. तो चिडेल, भांडेल, असे प्रेक्षकाला वाटते. तो मात्र तिला हे लग्न करायला सुचवतो. म्हातारा आजारी आहे, फार दिवसांचा सोबती नाही. त्यानंतर पैसा आपला, घर आपले, असा त्याचा हिशेब.

छाया हादरते. पुढे ती मोदींशी लग्न करते, पण सुदीपच्या हिशेबाप्रमाणे काही घडत नाही. ती हे नाते मनापासून निभावते आणि मोदींची प्रकृती सुधारू लागते. सुदीप तिकडे कोणाच्या तरी मरणाची वाट पाहत बसलेला असतो. अखेर छाया नवऱ्याची साथ सोडत नाही.

आजूबाजूला इतकी माणसे असताना दोघे एकाकी कसे?

‘घरौंदा’ची खरी नस इथे आहे. एकाकी माणूस म्हटले की रिकाम्या घरात खिडकीशी बसलेले कोणीतरी डोळ्यांपुढे येते. सुदीप आणि छायाच्या बाबतीत उलट आहे. त्यांच्या वाट्याला रिकामी खोली कधी येतच नाही. सुदीपच्या खोलीत इतर तरुण आहेत, छायाच्या घरात भावाचे कुटुंब आहे. ऑफिसात सहकारी, रस्त्यावर गर्दी. मनातले बोलायला, रडायला, नुसते गप्प बसायला म्हणून बंद करता येईल असे एक दार मात्र दोघांकडेही नाही.

घरच्या बाबतीत दोघेही पाहुण्यासारखे आहेत. सुदीपला त्याच्या खोलीवर कोणाला बोलावता येत नाही. छाया ज्या घरात राहते ते वहिनीचे घर आहे आणि तिथे आपण किती जागा व्यापतो याचे भान तिला कायम ठेवावे लागते. अशा माणसांना समाज एकटे समजत नाही, कारण ती कधी एकटी दिसत नाहीत.

म्हणून ऑफिस महत्त्वाचे ठरते. तिथे निदान स्वतःचे टेबल असते आणि समोरचा माणूस तुमचे म्हणणे ऐकतो. ओळख व्हायला दुसरी जागाच नसेल तर प्रेमही तिथेच होणार. आजच्या भाषेत याला ऑफिस रोमान्स म्हणून हसण्यावारी नेले जाते. ‘घरौंदा’ मात्र ते गंभीरपणे घेतो.

ही प्रेमकथा चाकोरीबाहेरची का?

पहिले कारण, इथे खलनायक बदलतो. बिल्डर फसवतो, पण चित्रपट त्याच्या मागे लागत नाही. तो सुदीपकडे वळतो. परिस्थितीने पिचलेला, एरवी सरळमार्गी माणूस कुठपर्यंत घसरू शकतो, हे तो दाखवतो. घर हवे म्हणून सुरू झालेली धडपड शेवटी ज्या व्यक्तीसाठी घर हवे होते तिलाच पणाला लावते. फ्लॅटच्या व्यवहारात हरलेला सुदीप प्रेमाचाही व्यवहार करून बसतो. पालेकरांच्या भाबड्या प्रतिमेमुळे हे अधिक टोचते. ‘छोटी सी बात’मधला लाजरा तरुण असे बोलू शकतो, यावर प्रेक्षकाचा विश्वास बसत नाही आणि तरीही त्याचे म्हणणे ओळखीचे वाटते.

दुसरे कारण छाया. तेव्हाच्या सूत्रानुसार तिने एक तर रडत बसायला हवे होते किंवा शेवटी पहिल्या प्रियकराकडे परतायला हवे होते. ती यातले काहीच करत नाही. सुदीपच्या योजनेतले प्यादे म्हणून तिला पटावर ठेवले जाते, पण पुढची चाल ती स्वतः ठरवते.

तिसरे कारण मोदी. डॉ. लागू यांनी हा मालक लंपट किंवा दुष्ट केलेला नाही. बंगला आहे, पैसा आहे, पण बोलायला कोणी नाही, असा तो तिसरा एकाकी माणूस आहे. म्हणजे एकाच ऑफिसात तीन एकटी माणसे. दोघांकडे जागा नाही आणि एकाकडे नुसतीच जागा आहे.

जगाच्या सिनेमात असे सहकारी भेटतात का?

भेटतात. बिली वाइल्डर यांचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) हे सर्वात प्रसिद्ध उदाहरण. न्यूयॉर्कच्या विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर (जॅक लेमन) एकटा राहतो. बढतीच्या आशेने तो आपल्या फ्लॅटची चावी वरिष्ठांना त्यांच्या लफड्यांसाठी देत असतो आणि स्वतः बाहेर थंडीत ताटकळतो. ऑफिसच्या लिफ्टवर काम करणारी फ्रॅन (शर्ली मॅक्लेन) त्याला आवडते. नंतर कळते की साहेब जिला त्याच्या घरी आणतात ती हीच. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. बॅक्स्टरकडे घर आहे आणि माणूस नाही. सुदीपकडे माणूस आहे आणि घर नाही. घराच्या बदल्यात काय काय विकावे लागते, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच.

अलीकडचे उदाहरण हंगेरीचे. इल्दिको एन्येदी यांचा ‘ऑन बॉडी अँड सोल’ (२०१७) बुडापेस्टच्या एका कत्तलखान्यात घडतो. तिथला एक हात अधू असलेला अधिकारी आणि कोणाशी चार शब्दही धड बोलू न शकणारी नवी गुणवत्ता निरीक्षक यांच्या लक्षात येते, की रोज रात्री आपल्याला एकच स्वप्न पडते. बर्फाळ जंगलातले हरीण आणि हरिणी म्हणजे हे दोघे. दिवसा त्यांना साधी गप्पा मारण्याची धडपड करावी लागते. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च ‘गोल्डन बेअर’ मिळाले.

या दोघांना निदान भेटायला स्वप्न मिळाले. मुंबईच्या सिनेमातल्या प्रेमिकांचे स्वप्नसुद्धा चौरस फुटांत असते.

मराठी प्रेक्षकाला हा विषय नवा आहे का?

अजिबात नाही. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ने (१९७०) एका खोलीतल्या मोठ्या कुटुंबात नवविवाहितांना एकांत कसा मिळत नाही, हे हसतखेळत दाखवले होते. त्यावरूनच बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. त्या चित्रपटांत अडचण होती, पण माणसे मायाळू होती आणि शेवट गोड होता. पाच वर्षांनी आलेल्या ‘घरौंदा’ने तोच प्रश्न घेतला आणि त्यातली गोडी काढून टाकली.

हा धागा आजवर तुटलेला नाही. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. त्यातल्या प्रभा आणि अनू मुंबईतल्या एकाच रुग्णालयात परिचारिका आहेत आणि एकाच खोलीत राहतात. अनू आणि तिचा मित्र शियाझ यांना शहरभर भटकूनही दोघांपुरती जागा सापडत नाही. रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती (छाया कदम) वर्षानुवर्षे राहत असलेल्या खोलीतून बाहेर पडते, कारण तिथे टॉवर येणार आहे आणि तिच्याकडे कागद नाहीत. ती रत्नागिरीकडच्या गावी परतते. ‘घरौंदा’नंतर ४७ वर्षांनी आलेल्या या चित्रपटात ऑफिसच्या जागी रुग्णालय आहे. जागेचा आणि कागदाचा प्रश्न जसाच्या तसा आहे.

याचा वसई-विरारशी संबंध काय?

‘घरौंदा’ आला तेव्हा वसई हा ठाणे जिल्ह्यातला केळी, भाजीपाला आणि फुलांसाठी ओळखला जाणारा तालुका होता. मुंबईत जागा न परवडणाऱ्या सुदीप-छायांच्या पुढच्या पिढीने बोरिवली, मग मिरा रोड आणि मग थेट खाडीपलीकडचा रस्ता धरला. १९९० मध्ये सिडकोकडे इथल्या नियोजनाची जबाबदारी आली आणि त्यानंतर इमारतींचे जंगल वाढत गेले. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला.

थोडक्यात, सुदीप-छायाला जे हवे होते ते इथे मिळू लागले. दोन खोल्या, स्वतःचे दार, दारावर पाटी. मोबदल्यात अंतर आले. विरार ते चर्चगेट साधारण ६० किलोमीटर. घर ते ऑफिस एका बाजूला दीड तास धरला आणि महिन्याचे २५ दिवस, तर महिन्याला ७५ तास आणि वर्षाला ९०० तास प्रवासात जातात. म्हणजे वर्षातले ३७ पूर्ण दिवस आणि रात्री. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील तर ज्या घरासाठी लग्न लांबवले, त्या घरात जागेपणी एकत्र घालवलेला वेळ किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अविवाहितांचे वेगळेच. पाच जणांत घेतलेला फ्लॅट, ‘बॅचलर नको’ म्हणणारी सोसायटी, एकट्या मुलीला दहा प्रश्न विचारणारा दलाल. मग भेटायचे कुठे? सुरुची बागेचा किनारा, वसईचा किल्ला किंवा लोकलची उलट दिशेची रिकामी गाडी. सुदीप-छाया रस्त्यांवर आणि अर्धवट बांधकामांतून भटकत होते, त्याहून हे फार वेगळे नाही.

फसवणुकीचे प्रकारही जुनेच आहेत का?

प्रकार जुना, आकार मोठा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरात सुमारे ६० एकर जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. ही जागा सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ‘घरौंदा’मध्ये घर बांधून होण्याआधी पैसे बुडतात. इथे घर मिळाले, संसार मांडला, मुले शाळेत गेली आणि मग कळले की कागदच खरे नव्हते.

कायदा तेव्हाही होता. महाराष्ट्राचा मोफा कायदा १९६३ चा, म्हणजे चित्रपटाच्या १४ वर्षे आधीचा. आता २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकाला जास्त बळ दिले आहे. आज एखाद्या सुदीप-छायाला बुकिंग करायचे असेल तर चार गोष्टी तपासता येतात.

१. प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का? ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे, त्यामुळे छोट्या इमारतीत जास्त सावध राहावे लागते.
२. नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही.
३. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक आहे.
४. ताबा वेळेत दिला नाही तर ग्राहकाला बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात.

यानंतरही महापालिकेत जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का, हे पाहणे आवश्यकच. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात बनावट परवानग्या दाखवून महारेरा नोंदणी मिळवल्याचे उघड झाले होते. नोंदणी क्रमांक दिसला म्हणजे काम झाले, असे समजून चालत नाही.

मग चित्रपटाचे म्हणणे काय?

कागदपत्रे तपासल्याने फ्लॅट वाचू शकतो. ‘घरौंदा’ त्यापुढचे सांगतो. शहराने आधी माणसांना एकमेकांपासून तोडले आणि मग जोडून घेण्याची किंमत फ्लॅटच्या दरात लावली. ती किंमत भरता भरता सुदीप छायाशी बोलायचेच विसरतो. तिला काय हवे, असे तो एकदा जरी मनापासून विचारता, तर तिने कदाचित भाड्याची एक खोलीही चालेल म्हटले असते. तो तिला योजना सांगतो, प्रश्न विचारत नाही.

शेवटी कोणाला काय मिळाले, यापेक्षा तो न विचारलेला प्रश्न चित्रपट संपल्यावर लक्षात राहतो. ज्यांचा गृहकर्जाचा हप्ता सुरू आहे, ज्यांचे बुकिंग अडकले आहे आणि ज्यांचे लग्न ‘आधी घर होऊ दे’ या एका वाक्यावर थांबले आहे, अशी माणसे आज रात्रीच्या विरार फास्टमध्येही असतील. त्यांच्यापैकी काहींना घरी पोहोचल्यावर समोरच्याला एक साधा प्रश्न विचारता येईल. त्याला कोणत्याही परवानगीची गरज नाही.